खोडी काढावी, पण सोडवताही यावी

शाळेतल्या मैत्रीतल्या खोड्या, चुरस आणि त्यातून होणारी भांडणं यांवर वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत. पत्रलेखकांची नावं वगळली आहेत.

नववी 'अ' आणि नववी 'ब' यांच्यात खो-खोचा सामना आहे. 'ब'वाल्यांना आव्हानाचं पत्र द्यायचंय, पण ते वरवर कोरं दिसायला हवं. लिंबाच्या रसानं लिहून मेणबत्तीवर धरलं, तर कागदच पेटला. दुसरं काही सुचवाल का?
— एक विद्यार्थी, सदाशिव पेठ

मेणबत्तीचा नाद सोड. हळद वापर. हळदीला चुना किंवा सोडा लागला की ती लाल होते, हे तुझ्या आजीला नक्की माहीत असेल. आपल्याला तेवढंच हवं आहे.

अर्धा कप पाण्यात एक छोटा चमचा खायचा सोडा पूर्ण विरघळव. कान साफ करायच्या कापूसकाडीनं जाडसर चित्रकलेच्या कागदावर मोठ्या अक्षरात मजकूर लिही आणि पंख्याखाली वीसेक मिनिटं वाळू दे. आता वाचायची किल्ली. तीन मोठे चमचे सर्जिकल स्पिरिट किंवा पातळ सॅनिटायझर घे, त्यात अर्धा छोटा चमचा हळद ढवळ, दहा मिनिटं ठेव आणि वरचं स्वच्छ पिवळं पाणी छोट्या बाटलीत भर. 'ब' तुकडीनं कापसाच्या बोळ्यानं ते कागदावर फिरवलं, की पिवळ्यावर विटकरी अक्षरं उमटतील. त्यावर लिंबाचा रस लावला तर अक्षरं पुन्हा पिवळ्यात विरून जातात, म्हणजे पत्र वाचून झाल्यावर पुसताही येतं. हा भाग आम्हाला सगळ्यात जास्त आवडतो.

हळद साध्या पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून स्पिरिट. पाण्यात कालवलीस तर कागदावर नुसता गाळ बसेल. सोडा जास्त झाला तर वाळल्यावर पांढरे कण चमकतात आणि गुपित फुटतं. पातळ कागदावर ओल्या रेघांच्या जागी सुरकुत्या पडतात, त्याही नजरेत येतात. काही छपाईच्या कागदांत खडूसारखा भरणा असतो, तिथे सगळाच कागद नारिंगी दिसू शकतो. म्हणून आधी एका कोपऱ्यावर करून बघ. स्पिरिट पेट घेतं, आसपास काडेपेटी नको.

गणवेशाच्या पांढऱ्या शर्टावर हळद सांडली आणि घरी साबण लावला, तर डाग लालभडक होईल. घाबरू नकोस, साबणही हळदीला सोड्यासारखाच वागवतो. भरपूर पाण्यानं खळबळ आणि शर्ट कडक उन्हात टाक. हळदीचा रंग उन्हात उडतो.

मधल्या सुट्टीत कुणीतरी रोज माझ्या सायकलची हवा सोडतं. कोण ते मला कळलंय. त्याचा असा पोपट करायचाय की पुन्हा हात लावणार नाही. काय करू?
— एक विद्यार्थी, कोथरूड

त्याच्या टायरची हवा सोडू नकोस, एवढं आधी. हवा गेलेली सायकल मुलं तशीच दामटत घरी नेतात. मग टायर दबून ट्यूब रिमच्या कडेत चेमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. व्हॉल्व्हची पिन उपसून काढली तर तिच्यावरची रबरी नळीही फाटते. म्हणजे खोडी फुकटची, पण पंक्चरवाल्याचं बिल खरं. शिवाय तुझ्या मित्राच्या क्लासची वेळ चुकली, तर हसणारं कुणी उरणार नाही.

त्यापेक्षा तीन आकड्यांचं कुलूप घे. त्याच्या सायकलची फ्रेम स्टँडच्या खांबाला त्या कुलपानं अडकव आणि सीटला चिठ्ठी बांध: "तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड घेतला त्या वर्षाचे शेवटचे तीन आकडे." उत्तर ६७०. इतिहासाचं पुस्तक उघडलं की सुटका. कोडं न देता नुसतं कुलूप लावलंस, तर शक्यता होतात १०००. एका जुळणीला दोन सेकंद धरले तरी सगळ्या संपायला ३३ मिनिटं लागतील, तोवर मधली सुट्टी कधीच संपलेली असेल. चार आकड्यांचं कुलूप तर मुळीच नको, त्याला साडेपाच तास लागतात.

कुलूप चाकाच्या तारांतून घालू नकोस. लक्षात न येता त्यानं पायडल मारलं, तर तारा तुटतात आणि तो तोंडावर पडतो. शाळा सुटायच्या वेळीही लावायचं नाही. ब्रेक, सीटचा बोल्ट आणि चाकाचे नट यांना तर कुणीच, कधीच हात लावू नये. चांदणी चौकातून कोथरूडकडे उतरताना ब्रेक लागला नाही तर काय होईल, ते तुला आम्ही सांगायला नको.

मैत्रिणीच्या वाढदिवसाला वर्गातल्या मुली तोंडावर फोमचा फवारा मारणार आहेत आणि तिच्या बाकावर फेव्हिक्विक टाकणार आहेत. मला हे पटत नाही, पण काहीच केलं नाही तर मी अरसिक ठरेन.
— एक विद्यार्थिनी, सहकारनगर

तुझं मन बरोबर सांगतंय. फोम आणि स्नो स्प्रेच्या डब्यात बहुतेक वेळा पेट घेणारा वायू असतो. केकवर मेणबत्ती जळत असताना फवारा मारला, तर क्षणात ज्वाळा केसांपर्यंत जाते. फेव्हिक्विक सुती कापडात मुरलं की वेगानं घट्ट होतं आणि इतकं तापतं की खाली त्वचा भाजू शकते. कुणाची बोटं चिकटलीच तर ओढायचं नाही. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोडवायचं. डोळ्यात गेलं तर थेट डॉक्टरकडे.

अरसिक ठरू नयेस म्हणून खोक्यात खोकं कर. बुटांच्या खोक्यापासून सुरुवात करून पाच खोकी, प्रत्येक आधीच्यात बसेल असं. बोहरी आळीत लहानमोठी मिळतील. सगळ्यात बाहेरच्या खोक्यात तळाशी किलोभर तांदळाची पिशवी ठेव, म्हणजे उचलताना भेट जड वाटेल. दुसऱ्यात एक घुंगरू सोड. प्रत्येक खोकं वर्तमानपत्रात गुंडाळ, पण चिकटपट्टी दोनच ठिकाणी लाव. सगळीकडे चिकटपट्टी मारली की तिसऱ्या खोक्यापर्यंत मुलगी वैतागते आणि कात्री शोधत बसते. दर खोक्यात दोघींच्या आठवणीतली एक ओळ लिहिलेली चिठ्ठी घाल, म्हणजे ती थांबून वाचेल. शेवटच्या खोक्यात तुळशीबागेतली कानातली ठेव. ही भेट खरीच आवडायला हवी. शेवटी रिकामं खोकं निघालं तर ती थट्टा राहत नाही, अपमान होतो.

सहलीत मुलं एकमेकांच्या शर्टात खाजकुयली टाकतात. उपाय काय?
— एक शिक्षिका, हडपसर

शेंगेवरची बारीक कुसं त्वचेत रुततात. चोळलं की ती आणखी आत जातात, म्हणून चोळू देऊ नका. शर्ट उतरवून पिशवीत बंद करा, त्वचेवर चिकटपट्टी हलकेच दाबून उचला, दर वेळी नवा तुकडा घ्या. नंतर साबण आणि भरपूर पाणी. डोळ्याला लागलं किंवा श्वास लागला, तर दवाखाना. सहलीच्या आदल्या दिवशी वर्गात ही शेंग चित्रातून दाखवा. ओळखता आली की निदान चुकून हात लागणार नाही.

मी आणि माझा मित्र दहावीत आहोत. सहामाहीत मला ६२ टक्के, त्याला ८८. पूर्वपरीक्षेत कोण जास्त सुधारतो, अशी पैज लागली आहे. हार-जीत कशी मोजायची?
— एक विद्यार्थी, पिंपरी

नुसती वाढ मोजलीत तर त्याच्यावर अन्याय होतो, कारण त्याच्याकडे वाढायला फक्त १२ टक्के जागा आहे आणि तुझ्याकडे ३८. गमावलेल्यातले किती परत मिळवले, ते मोजा. समजा तू ७१ वर गेलास आणि तो ९२ वर. तू ३८ पैकी ९ मिळवलेस, म्हणजे सुमारे २४ टक्के. त्यानं १२ पैकी ४, म्हणजे सुमारे ३३ टक्के. वाढ तुझी मोठी असूनही पैज त्याची. तू ७५ गाठलेस तर १३ भागिले ३८, म्हणजे ३४ टक्के, आणि थोडक्यात तू जिंकलास.

टक्के सहाही विषयांचे ६०० पैकी धरायचे की बोर्डासारखे सर्वोत्तम पाच विषयांचे ५०० पैकी, हेही आत्ताच ठरवा. दोन्ही परीक्षांना एकच पद्धत हवी. पूर्वपरीक्षेचा पेपर सहसा सहामाहीपेक्षा कठीण वाटतो, तेव्हा दोघांचेही गुण उतरू शकतात. तसं झालं तर पैज बरोबरीत, हा नियमही लिहून ठेवा. कागदावर दोघांच्या सह्या, आणि पैज एका प्लेट मिसळीची.