ते तुझे सासर नव्हतेच

‘ताई, दहावी झाल्यावर, १६ व्या वर्षी, दूरच्या नात्यातल्या एका बाईने माझे लग्न परराज्यात जुळवले. हुंडा नाही, उलट खर्चही मुलाकडचे देणार, म्हणून बाबा तयार झाले. तिथे गेल्यावर कळले की त्या बाईने माझ्या बदल्यात पैसे घेतले होते. दोन वर्षांनी मी निसटले. आता मामाच्या गावी आजीजवळ राहते. ते लोक फोन करून म्हणतात, पैसे परत करा, नाहीतर पोरगी धाडा. गावातले म्हणतात, आपसात मिटवा. मला परत जावे लागेल का? तक्रार केली तर बाबांनाही धरतील का?’
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

प्रिय मुली,

परत जाण्याविषयी आधी सांगते, कारण त्याच धास्तीने तुझी झोप उडाली आहे. तुला परत जावे लागणार नाही. अठरा वर्षांखालील मुलीला फसवून नेऊन किंवा लग्नासाठी विकून जे लग्न लावले जाते, ते २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याच्या कलम १२ नुसार मुळातच रद्दबातल असते; म्हणजे गाव ज्याला तुझे सासर म्हणते, ते तुझे सासर नव्हतेच. तुझ्या वयाचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला लागेल. तो शाळेतून मिळव आणि आजीच्या पेटीत ठेव.

राहिले त्यांचे पैसे. ते तुम्ही घेतलेले कर्ज नव्हे, तुझी लावलेली किंमत आहे, आणि ती परत मागणारा प्रत्येक फोन त्यांच्याच विरुद्धचा पुरावा आहे. आलेल्या फोनची तारीख, वेळ आणि नंबर वहीत लिहून ठेव, रेकॉर्डिंग असेल तर पुसू नकोस. आपसात मिटवा म्हणणाऱ्यांना वाद मिटवायचा असतो, आणि तो बहुधा मुलीच्याच पदरी टाकून मिटतो. मिटवामिटवीसाठी गावाने बैठक बोलावली, तर मामांनी तिला जाऊच नये.

बाबांविषयी मात्र मी तुला खोटा धीर देणार नाही. अल्पवयीन मुलीचे लग्न लावून देणारे पालकही याच कायद्याने दोषी ठरू शकतात, मग ते कर्जापायी झालेले असो वा अजाणतेपणी. कापूस विकला जाण्याआधीच ज्याचा पैसा सावकाराच्या नावे लागलेला असतो, त्या घराला हुंड्याशिवाय आलेले स्थळ देवाने धाडल्यासारखे वाटते, आणि दलालांना हे पक्के ठाऊक असते. मुली विकून पोट भरणारी बाई आणि तिच्या बोलण्यात आलेला बाप यांच्यातला फरक तपासात दिसायचा असेल, तर बाबांना काय सांगितले गेले आणि त्यांच्या हाती किती पैसे आले, हे सगळे तुला खरे सांगावे लागेल. त्यांना वाचवण्यासाठी एखादी गोष्ट लपवलीस, तर दलालाचा वकील नेमकी तीच धरून बसेल.

म्हणून जबाबाआधी वकिलाला भेट. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मानवी व्यापारात सापडलेल्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. १५१०० या विधी सेवेच्या मदत क्रमांकावर विचार. भीती वाटली तर १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन कर. जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये काही दिवस राहण्याची सोय होते, त्यापुढे शक्तिसदन हे निवारागृह आहे. एक गोष्ट आधीच माहीत असू दे: तू तेव्हा अल्पवयीन होतीस, त्यामुळे तुझ्यावर तिथे काय गुदरले ते कळल्यावर पोलिसांना कळवणे केंद्रातल्या लोकांवर बंधनकारक असते. लैंगिक अत्याचाराच्या खटल्याची सुनावणी बंद दालनात होते आणि तुझे नाव छापणे हा गुन्हा आहे. गुन्हा नोंदला गेल्यावर, अत्याचार सोसलेल्यांसाठी असलेल्या राज्याच्या मनोधैर्य योजनेच्या अर्थसाहाय्याविषयीही त्याच वकिलाला विचार.

दहावी झालेली आहेच, तेव्हा १७ नंबरचा फॉर्म भरून बारावीला बाहेरून बसता येईल. त्याची मुदत असते, म्हणून दाखला आणायला जाशील तेव्हाच चौकशी कर.

वेचणीला गेल्यावर बाया खोदून खोदून विचारतात, असे तू पत्राच्या शेवटी लिहिले आहेस. ‘बाहेरगावी होते, आता आजीजवळ आहे’ एवढे सांग आणि ओळ वेचत पुढे हो. आजीला मात्र, तिला झेपेल तेवढे, तूच सांग. बाहेरून तिच्या कानावर जाण्यापेक्षा ते बरे.

तुझी ताई