अक्षरांआधी आकडे

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

‘उल्लास’ या प्रौढ साक्षरतेच्या सरकारी कार्यक्रमात स्वयंसेवक म्हणून तू नाव घातलंस आणि वस्तीवरच्या पाच बायका तुझ्याकडे शिकायला येणार आहेत, हे वाचून फार आनंद झाला. सुरुवात कुठून करू, बाराखडीपासून की प्रवेशिकेच्या, म्हणजे त्यांच्या शिकायच्या पुस्तकाच्या, पहिल्या पानापासून, असं तू विचारलंयस. मी सांगेन, आकड्यांपासून कर. पहिला आठवडाभर अक्षरांना हात लावला नाहीस तरी चालेल.

कारण सांगते. तुझ्यापुढे येऊन बसणाऱ्या बाईला अक्षर ओळखत नसेल, पण हिशेब तिला येतो. भाजी विकणाऱ्या बाईला पस्तीस रुपयांच्या भाजीसाठी शंभराची नोट देऊन बघ. ती वजाबाकी करत नाही. पाचाचं नाणं देते, ‘चाळीस’ म्हणते. दहाची नोट देते, ‘पन्नास’ म्हणते. मग पन्नासाची नोट ठेवते, ‘हे शंभर’. पासष्ट हा आकडा तिच्या तोंडून निघतही नाही आणि हिशेब चोख होतो. शाळेत आपण हेच हातचे घेऊन करतो आणि निम्मी मुलं त्यात अडखळतात. तेव्हा तिला हातच्याची वजाबाकी शिकवायची घाई करू नकोस. ती जे बोलली तेच कागदावर मांड: ३५, मग ४०, मग ५०, मग १००, आणि प्रत्येक टप्प्याला किती दिले ते बाजूला. आपलं रोजचं डोकं कागदावर असं दिसतं, हे तिने एकदा पाहिलं की कागदाची निम्मी भीती जाते. अक्षरांपासून सुरुवात केलीस तर पहिल्याच दिवशी ती काहीच न येणारी ठरते. आकड्यांपासून केलीस तर तिला बरंच काही येत असतं, आणि तुझं कामही सोपं होतं.

आता आकड्यांतल्या अडचणी. त्या खऱ्या आहेत आणि त्यांत तिचा काही दोष नाही. मराठीत आपण ‘पंचेचाळीस’ म्हणतो तेव्हा पाच आधी ऐकू येतात आणि चाळीस नंतर. त्यामुळे बरीच माणसं ४५ लिहायला सांगितलं की ५४ लिहितात. ‘एकोणपन्नास’मध्ये तर पन्नास ऐकू येतात आणि लिहायचे असतात चाळीस आणि नऊ. लहान मुलांनाही हा त्रास होतो, म्हणून २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’ अशी वाचायची पद्धत दिली, तेव्हा केवढा गदारोळ उठला होता. मोठ्यांना शिकवताना मला ती पद्धत मनापासून पटते. ‘चाळीस पाच’ म्हणत चार आधी लिहायचा, पाच नंतर. हात बसला की पुन्हा पंचेचाळीसवर यायचं. बाजारातली भाषा बदलायची नाही, फक्त लिहिण्यापुरता आधार घ्यायचा.

दुसरी अडचण शून्याची. ‘एक हजार पाच’ लिहायला सांग, १०००५ येईल. तिने ऐकलं तसं लिहिलं: एक हजार, आणि पुढे पाच. इथे फळ्यावर एकक-दशकाचे रकाने आखून उपयोग नाही. नोटा काढ. खऱ्या नसतील तर कागदाच्या कापून घे, शंभराच्या आणि दहाच्या, आणि जोडीला रुपयाची नाणी. चारशे पाच रुपये मांडायला सांग. चार नोटा शंभराच्या, पाच नाणी. मग विचार, ‘मावशी, मधे दहाच्या किती?’ ‘एकही नाही.’ ‘मग ते एकही नाही कुठे लिहायचं?’ आणि मग गप्प बस. तिला शोधू दे. तो शून्य तिने स्वतः मधे लिहिला की पुन्हा चुकायची नाही.

तिसरी गोष्ट, दोन लिप्यांतले आकडे. एसटीच्या तिकिटावर, मोबाइलवर, पासबुकात इंग्रजी आकडे, प्रवेशिकेत देवनागरी. आपला १ इंग्रजी नवासारखा दिसतो आणि आपला ४ इंग्रजी आठासारखा. फोन नंबर लावताना नेमके इथेच घोळ होतात. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिलेली एक पट्टी पुठ्ठ्यावर करून प्रत्येकीला दे. ती तिने घरी चुलीमागच्या भिंतीवर लावली तरी उत्तम. मोबाइलचे आकडे तिला आधीच अर्धवट ओळखू येत असतील, तर तिथूनच सुरू कर; देवनागरी मागाहून येऊ दे.

अक्षरांकडे वळशील तेव्हाही ‘अ अननसाचा’ नको. वस्तीवर अननस कुणी पाहिलाय? तिचं नाव घे. नावातली अक्षरं, मग मुलांची नावं, मग गावाचं नाव. ज्या जुन्या मास्तरांनी ग, म, भ, न यांच्यापासून सुरुवात करायचा पायंडा पाडला त्यांना हाताची जाण होती. एक उभी रेघ आणि तिला जोडलेला छोटा आकार, एवढंच त्यात असतं. लिहिण्यासाठी तो क्रम घे आणि वाचण्यासाठी तिची नावं. ‘र’ मात्र हळू घे. साधा र, रफार, ‘प्र’मधला र, ‘ट्र’मधला र, ‘सुऱ्या’मधला र, हे एकाच अक्षराचे इतके अवतार आहेत की शिकलेल्यांनाही विचार करावा लागतो. जोडाक्षरं तिला समोर दिसतील तशी येऊ देत.

तोंडपाठ असलेली ओवी किंवा अभंग मोठ्या अक्षरांत लिहून पुढे ठेवणं ही वाचायला शिकवायची फार चांगली वाट आहे. जात्यावरची ओवी तिनेच सांगावी, तू लिहावंस, तिने वाचावं. एक काळजी घे. ती डोळे कागदावर ठेवून पाठ म्हणून दाखवेल आणि तुला वाटेल वाचलं. म्हणून मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचार, हा कोणता? ती मनात पहिल्यापासून म्हणत म्हणत तिथवर येईल आणि सांगेल. येऊ दे. ते वाचनच आहे. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिला दिनाला आजीबाईंची शाळा सुरू झाली, तिथल्या म्हाताऱ्या बायकांना पोथी वाचायची ओढ होती. तुझ्या पाचजणींपैकी एकीला तीच असेल, दुसरीला एसटीची पाटी वाचायची असेल, तिसरीला सुनेचा मेसेज. पहिल्याच दिवशी विचार आणि वहीत लिहून ठेव.

शुद्धलेखनावर बोट ठेवू नकोस. तिने ‘पानी’ लिहिलं तर ती म्हणते तसंच तिने लिहिलंय आणि तुला वाचता आलंय. ऱ्हस्व-दीर्घाचं तर नावही काढू नकोस.

बसायला शाळेचा वर्ग घेऊ नकोस. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे मुडपून बसलेल्या मोठ्या बाईला आपण उशिरा आलो, याची जाणीव सारखी होत राहते. कुणाचा ओटा, समाजमंदिर, अंगणवाडी काहीही चालेल, फक्त उजेड डावीकडून येऊ दे म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली कागदावर पडणार नाही. आणि उजेडाइतकंच महत्त्वाचं, डोळे. चाळिशीपुढची बाई कागद हात लांब करून धरत असेल तर तिला चष्मा लागलाय. ‘माझ्या डोक्यात शिरत नाही’ म्हणून शिकणं सोडून गेलेल्या कितीतरी बायकांना फक्त चाळिशीची गरज होती. शिकवायला लागण्याआधी ग्रामीण रुग्णालयात नाहीतर एखाद्या नेत्रशिबिरात डोळे तपासून घे. ही पायरी चुकवू नकोस, मी तुला कळकळीने सांगते.

वेळ त्यांची. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये शेतकरी-कामगारांसाठी शाळा काढली ती रात्रीची काढली, कारण दिवस त्या माणसांच्या हातात नव्हता. आजही नाही. भाकऱ्या थापून, भांडी घासून साडेआठाला येणारी बाई दमलेली असते. पाऊण तास पुरे. सुगीत आणि लावणीत वर्ग विरळ होईल, आठ दिवस कुणीच येणार नाही. तेव्हा ‘का आला नाहीत?’ असं चारचौघींत विचारायचं नाही. आल्या की मागच्या पानावरून पुढे.

तू त्यांच्या लेकीच्या वयाची आहेस. त्या तुला ताई म्हणतील, तू त्यांना मावशी, काकू, आजी म्हण आणि ‘अहो’ने बोल. ‘शाब्बास’ म्हणायचं नाही. पन्नाशीच्या बाईला ‘बरोबर आहे’ एवढं पुरतं. सासू आणि सून एकाच गटात असतील तर त्यांना जवळ बसवू नकोस, आणि सासूची चूक सुनेसमोर तर मुळीच दुरुस्त करू नकोस. ती दुसऱ्या दिवशी येणार नाही, आणि कारणही सांगणार नाही.

‘उल्लास’च्या मार्चमधल्या परीक्षेची फार धास्ती घेऊ नकोस. वाचन, लेखन, संख्याज्ञान असे ५० गुणांचे तीन भाग, एकूण १५०, आणि पास व्हायला प्रत्येक भागात ३३ टक्के. नेमाने बसणारी बाई ते काढते. माझी काळजी परीक्षेनंतरची आहे. या राज्याने साक्षरतेच्या मोहिमा कमी पाहिल्या नाहीत. सातारा जिल्ह्यातून १९५९ मध्ये निघालेली ग्राम शिक्षण मोहीम, १९८८ च्या राष्ट्रीय साक्षरता मिशननंतर नव्वदच्या दशकातली अभियानं. मी त्या दुसऱ्या लाटेत कंदील घेऊन वाड्यावस्त्या फिरले आहे. लोक जीव तोडून शिकले. पण पुढे वाचायला, लिहायला काही नसलं की अक्षर विरत जातं, शेवटी सही तेवढी उरते. सहीवर थांबू नकोस. नुसती सही येणारी बाई अंगठा लावणारीपेक्षा जास्त अडचणीत येऊ शकते, कारण तिच्यापुढे कागद सरकवणारा धरून चालतो की तिने तो वाचलाय.

म्हणूनच मी आकड्यांवर एवढा जोर देते. अक्षरं विसरली तरी हिशेबाची गरज रोज पडते, आणि हिशेबाच्या वहीला धरून अक्षरंही टिकतात. तुझ्या पाचहीजणी बचत गटात आहेत, असं तू लिहिलंस. मग तुला दुसरं पुस्तक शोधायला नको. गटाची वही हेच पुस्तक. नाव, तारीख, जमा, कर्ज, व्याज, शिल्लक, हे सहा शब्द वाचता आले की ती आपलं पान आपण वाचू शकते. आणि टक्केवारी शिकवायची तर गरजच नाही. ‘शेकडा दोन’ त्यांना पाठ आहे. पाच हजारांवर महिन्याला किती, विचार. तू पेन उघडायच्या आत ‘शंभर’ येईल.

तिथून एक गणित त्यांच्यापुढे नक्की मांड. वस्तीवर कर्ज द्यायला येणारा माणूस सांगतो, वीस हजार घ्या, वर्षाला फक्त १४ टक्के, महिन्याला १,९०० रुपयांचे बारा हप्ते. गटात शेकडा दोन म्हणजे वर्षाला २४, मग १४ स्वस्तच वाटणार. आता करू दे त्यांना बेरीज. बारा हप्ते मिळून २२,८००, म्हणजे वर २,८०० गेले. गटातून वीस हजार घेतले, दरमहा मुद्दल सारखं फेडत गेलं आणि उरलेल्या रकमेवरच शेकडा दोन दिले, तर पहिल्या महिन्याला व्याज ४००, मग दरमहा उतरत उतरत शेवटच्याला ३४ च्या आत. सगळं मिळून २,६००. चोवीस टक्के वाटणारं कर्ज चौदा टक्क्यांच्या कर्जापेक्षा दोनशे रुपयांनी स्वस्त निघालं. का? गट उरलेल्या पैशांवर व्याज घेतो. तो माणूस फेडून झालेल्या पैशांवरही शेवटपर्यंत व्याज घेत राहतो. हे कुठलं भाषण देऊन सांगू नकोस. दोन्ही कोष्टकं त्यांच्या हाताने भरून घे. एका संध्याकाळी होणार नाही, तीन-चार लागतील, मुद्दलाचे पैसे सरळ भागले जात नाहीत तिथे पूर्ण रुपयांवर आण. पण त्या वही पुढे ओढून भांडतील, एकमेकींची बेरीज तपासतील, आणि तू बाजूला बसून बघशील.

प्रवेशिका अधूनमधून उघड, परीक्षेत प्रश्न तिच्याच धाटणीचे येतात. नववर्ष उजाडलं की आठवड्यातून एक दिवस सराव प्रश्नपत्रिका घे, वेळ लावू नकोस.

सध्या एवढं कर: डोळे तपासून घे, आकड्यांची पट्टी कर, नोटा काप. गटाच्या वहीच्या एका पानाचा फोटो मला पाठव, नावं झाकून. त्यांची अध्यक्षा व्याज कसं मांडते ते पाहते आणि त्याच मांडणीत कोष्टक आखून पुढच्या पत्रासोबत पाठवते.

तुझ्या,
बाई