पहिली मोटरसायकल जुनी घेताय: ड्यूक, पल्सर की शाईन?

तुम्ही लिहिलंय की वय २३, आजवर फक्त घरची स्कूटी चालवली, कुपवाड एमआयडीसीत नोकरी लागली आहे, सांगलीतून रोज जायचं-यायचं आणि हातात ६० हजार आहेत. समोर तीन गाड्या आहेत. २०१४ची ड्यूक २००, तिचे ६० मागतायत. २०१७ची पल्सर १५०, ४५ला मिळेल. आणि २०१९च्या शेवटी घेतलेली शाईन १२५, तिचा मालक ४८वर अडून बसलाय. मन ड्यूकवर आहे, घरचे शाईन म्हणतात.

माझं मत शाईन. पण प्रत्यक्ष बघून आणि कागद तपासून, नुसत्या नावावर नाही. "नवीन आहेस, छोटी गाडी घे" हे तुम्हाला आधीच खूप जणांनी ऐकवलं असेल. कारण मात्र फार थोडे लोक सांगतात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

गिअरची गाडी नव्याने शिकताना आपली चूक कोणती आणि गाडीचा दोष कोणता, हे कळत नाही. ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढते. शिकणाऱ्याला वाटतं, आपलाच तोल जातोय. खरं तर पुढचं चाक धरणारा चिमटा किंचित वाकडा असतो. वळणावर हँडल मधेच अडल्यासारखं होतं. वाटतं, आपल्याला वळवता येत नाही. खरं तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेलेलं असतं. चढावर गाडी रडते, मग आपण क्लच अर्धा धरून ठेवायला लागतो, आणि ती सवय पुढे वर्षानुवर्षं जात नाही. अनुभवी माणूस बिघडलेली गाडीसुद्धा सांभाळून चालवतो, कारण बिघाड कुठे आहे ते त्याला समजतं. नवीन माणूस त्या बिघाडाशी जुळवून घेत शिकतो. म्हणून पहिल्या गाडीत मला वेग, रंग, आवाज यातलं काही महत्त्वाचं वाटत नाही. गाडी सरळ चालली पाहिजे, ब्रेक नीट लागले पाहिजेत, आणि चालवताना लक्ष रस्त्यावर राहिलं पाहिजे.

या कसोटीवर ड्यूक मागे पडते. गाडी वाईट नाही, पण त्या इंजिनाची ताकद २५ पीएसच्या घरात, म्हणजे शाईनच्या दुपटीहून जास्त. क्लच-ॲक्सिलरेटरचा मेळ बसायच्या आधी हात जरा जास्त फिरला की काय होईल, याचा विचार करा. शिवाय २०१४ची ड्यूक आजवर कुणी आणि कशी हाणली असेल, हा मोठा प्रश्न आहे. आरसीवर मालकाचा क्रमांक बघा, तिसरा-चौथा निघाला तर फार विचारात पडू नका, सोडून द्या. आणि २०२९मध्ये तिला १५ वर्षं पूर्ण होतील, म्हणजे पुन्हा पासिंग आणि पर्यावरण कर आलाच. पल्सर मधली आहे. वजन १४५ किलोच्या आसपास, शाईनहून साधारण २५ किलो जास्त. हा फरक चालताना जाणवत नाही. गर्दीच्या पार्किंगमध्ये गाडी मागे ओढताना किंवा ओल्या मातीत पाय टेकताना जाणवतो. शाईनमध्ये खोट निघाली तर पल्सर बघायला हरकत नाही.

आता सांगलीत गाडी घेताय म्हणून पुराबद्दल वेगळं सांगायला हवं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. जुलै २०२१मध्ये चिपळूणमध्येही तेच झालं. त्यातल्या बऱ्याच गाड्या धुऊनपुसून पुन्हा रस्त्यावर आल्या. वरून त्या नव्यासारख्या दिसतात, आणि वर्षभराने वायरिंग एकेक करून दगा देतं. तुमच्यासमोरच्या पल्सर आणि ड्यूक दोन्ही पुरांच्या आधीच्या आहेत आणि शाईन २०२१च्या आधीची. त्यामुळे तिन्हींच्या मालकांना सरळ विचारा की पुराच्या वेळी गाडी कुठे होती. गावभाग किंवा नदीकाठचा पत्ता असेल तर जास्त बारकाईने बघा. सीट काढा. सीटखालच्या पत्र्याच्या कोपऱ्यांत, बॅटरीच्या खोक्यात, एअर फिल्टरच्या डब्यात वाळलेल्या गाळाची बारीक पिवळट रेघ राहते, ती कितीही धुतलं तरी पूर्ण जात नाही. वायरिंगचे कप्लर, म्हणजे वायरी जोडणारे प्लास्टिकचे सांधे, उघडून बघा, आतल्या पिना हिरवट पडल्या असतील तर पाणी गेलंय. मीटरच्या काचेत आतून वाफ धरलेली असेल, तर तीही खूण. इंजिन ऑइल दुधाळ दिसलं तर पुढे काही बघायचं कारणच नाही.

गाडी बघायला सकाळी जा, आणि "मी यायच्या आधी चालू करू नका" असं आदल्या दिवशीच सांगून ठेवा. गेल्यावर पहिल्यांदा इंजिनाजवळ हात नेऊन बघा. गरम लागलं तर मालकाने आधीच चालू करून ठेवलीय, आणि थंड गाडीचे त्रास झाकायचे असतील तर लोक हेच करतात. २०१९ची शाईन बीएस-४ (प्रदूषणाच्या आधीच्या निकषांची), कार्ब्युरेटरवाली. थंड असताना चोक लावून एक-दोन प्रयत्नांत ती चालू व्हायला हवी. सेल्फने नाही, किकने चालू करून बघा. थंडीत सुरुवातीला सायलेन्सरमधून पांढरी वाफ आली तर घाबरू नका, ती विरते. निळसर धूर आला आणि इंजिन तापल्यावरही येत राहिला, तर ऑइल जळतंय. रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलचं काम निघेल, म्हणजे इंजिन उघडावं लागेल. काळा धूर बहुधा कार्ब्युरेटर किंवा फिल्टरच्या तक्रारीतून येतो, तो खर्च तुलनेने कमी.

मग गाडी मधल्या स्टँडवर घ्या. पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा. टकटक जाणवली तर कोनसेट सैल आहे. पुढचं चाक उचललेलं असताना हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मध्यावर खाच लागल्यासारखं वाटलं तर कोनसेट बदलायचाच. मागचं चाक आडवं हलवा, तिथे बुश किंवा बेअरिंग कळतं. मागच्या स्प्रॉकेटच्या शेवटच्या टोकाला चेन बोटाने बाहेर ओढा. दातांपासून सुटून वर येत असेल तर चेन-किट संपलंय. शॉकॉपच्या (शॉक ॲब्सॉर्बरच्या) चकचकीत दांड्यावर ऑइलचा ओलसर पट्टा दिसला तर सील गेलंय. यातली कुठलीच गोष्ट सौदा मोडण्याइतकी मोठी नाही, सगळी कामं होतात, फक्त त्यांचे पैसे भावातून वजा करायचे.

सौदा मोडायची खरी गोष्ट म्हणजे अपघात. हँडल पूर्ण वळलं की ते चासीवरच्या, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्यावरच्या, ज्या ठोकळ्याला टेकतं, तो चेपलेला किंवा नव्याने वेल्ड केलेला असेल, तर गाडी समोरून आदळलेली आहे. गाडीच्या मागे दहा पावलांवर उभे राहा, मालकाला हँडल सरळ धरायला सांगा आणि दोन्ही चाकं एका रेषेत दिसतात का ते बघा. एकाच बाजूचा फूटरेस्ट, लिव्हरचं टोक आणि सायलेन्सर तिन्ही खरवडलेले असतील तर गाडी त्या अंगावर पडलीय. पार्किंगमध्ये पडलेल्या गाडीला ओरखडे असतात. वेगात घसरलेल्या गाडीला लांब, एकाच दिशेने गेलेल्या रेघा. चासी वाकलेली गाडी फुकट मिळाली तरी नवशिक्याने घेऊ नये, याबाबत मी अजिबात तडजोड करणार नाही.

मीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. फूटरेस्टचं रबर, ब्रेक पेडल, हँडलच्या ग्रिप किती झिजल्यात ते बघा. २० हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीचं पेडल गुळगुळीत झालेलं असेल तर दोन्हींपैकी पेडलचं खरं माना. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, त्यात आधी आठवडा आणि मग वर्ष: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. शाईनला अजून कारखान्यातलेच टायर असतील तर नक्षी शिल्लक असूनही रबर कडक झालेलं असणार. पावसाळ्यात ते धरत नाही. दोन्ही टायर बदलायचे असं समजूनच भाव करा.

ट्रायल तुम्ही घेऊ नका. ज्याने वर्षानुवर्षं गिअरची गाडी चालवलीय असा कुणी मित्र, काका, मामा सोबत न्या आणि त्याला चालवू द्या. तुमच्या ओळखीचा फिटर आला तर आणखी उत्तम, त्याला वेळेचे पैसे द्या. मालकाने सुचवलेला फिटर नको.

इथेच एक गोष्ट तपासा, जी स्कूटीवरून येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. तुमच्या लायसनवर वर्ग कोणता आहे? 'विना गिअर' असेल तर गिअरची मोटरसायकल चालवणं कायद्याने विनालायसन चालवण्यासारखंच आहे. दंड ५ हजारांपर्यंत, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण. गिअरचा वर्ग वाढवून घ्यायचा तर शिकाऊ लायसन काढावं लागतं आणि पक्क्याच्या परीक्षेसाठी निदान ३० दिवस थांबावं लागतं. म्हणजे गाडी शोधायला लागायच्या आधी हे काम सुरू करा.

आता कागद. आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः अक्षर-अक्षर जुळवा. चासी नंबर बहुतेक मोटरसायकलींना हँडलखालच्या नळीवर कोरलेला असतो. परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की कर्जाचा बोजा आहे का, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे, ते दिसतं. ई-चलान वेगळं बघा, थकलेली सगळी चलानं मालकाने भरूनच द्यायला हवीत. कर्ज फिटलंय असं मालक म्हणतो, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच आहे, असं फार वेळा होतं. मग बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन ते नाव आधी त्यालाच उतरवू द्या. गाडी १ एप्रिल २०१९च्या आधीची असेल तर तिला हाय-सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलेली आहे का तेही बघा. पल्सर आणि ड्यूकबाबत हे लागू आहे.

नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर आधी तिथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८. आरसीवरचा मालक वारला असेल आणि मुलगा गाडी विकत असेल, तर आधी फॉर्म ३१ने ती वारसाच्या नावावर व्हायला हवी. कोऱ्या फॉर्मवर सही करून देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, आणि त्यामुळेच एक गाडी तीन हातांतून फिरते तरी आरसीवर पहिलाच माणूस राहतो. तुम्ही त्या साखळीत शिरू नका. आरसीवर ज्याचं नाव आहे त्यालाच भेटा. ऑनलाइन अर्जात ओटीपीही त्याच्याच मोबाइलवर जातो, त्यामुळे तो माणूस हाताशी नसेल तर काम अडतं. मालक कंटाळा करत असेल तर त्याला सांगा, हे त्याच्याही फायद्याचं आहे. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की गाडी विकली असली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते.

विम्याकडे शाईनच्या बाबतीत खास लक्ष द्या. सप्टेंबर २०१८पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा एकदम काढावा लागतो. तुमच्या शाईनचा तो २०२४मध्येच संपला. पाच वर्षं विसरायची सवय झालेली असल्याने नूतनीकरण राहून गेलेल्या गाड्या बाजारात पुष्कळ आहेत. विमा चालू असेल तर खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत तुमच्या नावावर करून घ्या. मालकाचा नो-क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुम्हाला मिळत नाही, तो त्याचाच राहतो, म्हणून हप्ता थोडा वाढेल. गाडी ताब्यात घेताना दोघांच्या सह्यांच्या पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा, आणि पैसे बँकेतून द्या.

६० हजार आहेत म्हणून ६०ची गाडी घेऊ नका. शाईन ४४-४५पर्यंत उतरवा. उरलेल्यातून टायर, चेन-किट, ब्रेक शू, ऑइल, विमा आणि आयएसआय खुणेचं, डोक्याला घट्ट बसणारं हेल्मेट. मालक म्हणाला "आत्ताच सर्व्हिसिंग केलंय", तरी ऑइल आणि ब्रेक शू बदलाच.

नोकरीच्या वाटेवर जाण्याआधी काही दिवस पहाटे मोकळ्या मैदानावर जा. ॲक्सिलरेटर न देता नुसत्या क्लचवर गाडी सावकाश पुढे नेता आली पाहिजे. मग ३०च्या वेगावरून दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू जोर वाढवत लावायचा सराव करा. स्कूटीवरून येणारे पुढच्या ब्रेकला भितात, पण गाडी थांबवण्याचं जास्त काम तोच करतो. २०१९ची शाईन असल्याने मागचा ब्रेक दाबला की थोडा पुढचाही लागतो. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, मात्र नाही, म्हणून ओल्या रस्त्यावर एकदम आवळू नका. दिवाळीनंतर ऊस तोडणी सुरू झाली की मिरज-कुपवाडकडे संध्याकाळी ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या असतात, मागे दिवा नसतो आणि रस्त्यावर कांड्या पडलेल्या असतात. दुसऱ्या पाळीची ड्युटी लागणार असेल तर पहिला महिनाभर रात्रीचं परतणं सहकाऱ्याच्या गाडीवरून किंवा कंपनीच्या बसने करा, आणि तोवर मागे कुणाला बसवू नका.