स्वर्ग आणि वैकुंठ एकच का? नामस्मरणाने यांपैकी काय मिळते?

नाही, दोन्ही एक नव्हेत: स्वर्ग हा पुण्याईच्या मोबदल्यात ठरावीक काळ मिळणारा भोगलोक आहे, तर वैकुंठ हे वैष्णव परंपरेनुसार काळापलीकडचे नित्य धाम असून तेथून परतावे लागत नाही. याला आधार भगवद्गीतेचा आहे. ‘क्षीणे पुण्ये मर्त्यलोकं विशन्ति’ (९.२१), म्हणजे पुण्याची शिल्लक संपली की स्वर्गातले जीव पुन्हा मृत्युलोकात येतात, आठव्या अध्यायात (८.१६) तर ब्रह्मलोकापर्यंतचे सगळेच लोक पुनरावर्ती, म्हणजे जिथून परत यावे लागते असे, ठरवले आहेत, आणि पंधराव्यात (१५.६) ‘यद्गत्वा न निवर्तन्ते’, म्हणजे जिथे गेल्यावर परत येत नाहीत, अशा परम धामाचे वर्णन येते, ज्याला सूर्य, चंद्र वा अग्नी प्रकाशित करत नाहीत. नामस्मरणाचे फळ या दुसऱ्या कोटीतले मानतात, कारण अंतकाळी ज्याचे स्मरण होते तेच प्राप्त होते (८.६), आणि ते ऐनवेळी सुचणारे नसल्यामुळे पुढच्याच श्लोकात सर्व काळ स्मरण करण्यास सांगितले आहे. (वैकुंठाच्या आशेने माळेचे मणी मोजणे हा मात्र, माझ्या मते, पुन्हा व्यवहारच झाला.) एक गोष्ट लक्षात घ्यावी: गीतेच्या या श्लोकांत ‘वैकुंठ’ हा शब्द नाही, त्यामुळे अद्वैती (जीव आणि ब्रह्म एकच मानणारे) भाष्यकार ‘धाम’ म्हणजे एखादे स्थान असे न मानता ब्रह्मस्वरूप असाच अर्थ घेतात, वारकरी तर पंढरपूरलाच भूवैकुंठ म्हणतात, आणि तुकोबा मुक्ती नको म्हणून देवाचा विसर न पडण्याचे दान मागतात.