दोघंही प्यायलेली असताना मुलगी 'हो' म्हणाली, तर कायद्यानं ती संमती धरतात का?

प्रश्नात लिहिलंयस की मित्राचा किस्सा आहे, पार्टीत दोघांनी घेतलेली, ती हो म्हणाली, सकाळी म्हणते मला काही आठवत नाही, आणि मित्राचं म्हणणं असं की मीपण टाइट होतो, मग एकट्या मलाच का धरताय.

कायद्याचं आधी सांगतो. भारतीय न्याय संहिता, कलम ६३, म्हणजे बलात्काराचं कलम, त्यातला पाचवा मुद्दा वाच. नशेमुळं बाईला आपण कशाला हो म्हणतोय आणि त्याचा परिणाम काय हे कळत नसेल तर तो हो धरत नाहीत. जुन्या कायद्यात, आयपीसी ३७५ मध्ये हेच होतं, १ जुलै २०२४ पासून नुसता नंबर बदलला. दारू तिनं स्वतःच्या पैशानं घेतली का कुणी पाजली, काही फरक पडत नाही. तिनं झटापट केली नाही एवढ्यावरून ती तयार होती असं धरता येत नाही, हे पण कलमातच लिहिलंय. शिक्षा कमीत कमी १० वर्षं. आणि मित्र टाइट होता म्हणशील तर कलम २३ आणि २४ बघ, सूट फक्त त्याला जबरदस्तीनं किंवा नकळत पाजली असेल तर, स्वतःच्या हातानं ग्लास भरलेल्याला नाही.

हे मला पाठ आहे कारण माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान कोर्टाजवळ आहे, कोल्हापुरात कसबा बावड्यात. पण हा विषय डोक्यात बसला तो दुकानामुळं नाही.

आमचं रस्सा मंडळ होतं, म्हणजे मटण-रश्श्याची पार्टी, कॉलेजचाच ग्रुप, पन्हाळा रोडला एकाच्या शेतावर बेत ठरला. मुली पण होत्या. मटण शिजेपर्यंत सगळ्यांची झालीच होती, आणि ग्रुपमधली एक जण, जिला सवयच नव्हती, ती पार गेलेली. ओट्यावर बसून उजव्या पायातली चप्पल डाव्या पायात घालायला बघत होती, घालायची, निसटायची, परत तीच. माझा तेव्हाचा जवळचा दोस्त तिला दंडाला धरून आतल्या खोलीकडं न्यायला लागला. मी म्हटलं कुठं? तर म्हणतो, "ती हो म्हणाली की रे, विचार तिलाच."

मग विचारलं. पाणी पाहिजे का? हो. घरी जायचंय का? हो. इथंच राहतेस का? हो. आज वार कुठला? हो.

बाकीची पोरं हसत होती, मला आजपण त्या हसण्याचा राग येतो. मी दारात आडवा उभा राहिलो, शिवीगाळ झाली, कॉलर धरली, मग वहिनीला फोन लावला, ती आणि दादा गाडी घेऊन आले आणि वहिनीनं तिला आमच्या घरी नेऊन झोपवलं. तो दोस्त अजून गावभर सांगतो की ह्यानं पार्टीची वाट लावली, दोघांच्या मर्जीचा मामला होता, ह्याला काय कळतंय. वार सांगता येईना तिला, आणि मर्जी म्हणे! असल्या माणसाशी मी बोलणं सोडलं ते सोडलंच, आणि ग्रुपमधले जे म्हणतात "जाऊ दे, दोघंही प्यायलेली होती" त्यांनाही हेच उत्तर. आणि मुलगी पितेच कशाला म्हणणाऱ्यांनी तर गप्पच बसावं, पिणं हा काही होकार नाही.

आता हे पण खरं की नुसती घेतली होती म्हणजे संमती बाद, असं कलम म्हणत नाही. एखादा पेग घेऊन शुद्धीत, मनापासून हो म्हणणारी बाई असतेच की. गाडी चालवायला १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम असा आकडा आहे, इथं तसला आकडा नाही, त्या वेळी तिला कळत होतं का एवढंच कोर्ट बघतं. आठवत नाही म्हणजे कळत नव्हतंच असंही नाही, दारूत माणूस चालतो बोलतो आणि सकाळी कोरा असतो. म्हणून मग कोण कोण तिथं होतं, तिला चालता येत होतं का, सीसीटीव्ही, मेसेज, यावर सगळं जातं. तुझ्या मित्राच्या बाबतीत काय झालं ते मला इथं बसून सांगता येणार नाही, आणि मी वकील नाही. मुलगी १८ च्या आतली असेल तर मात्र हो-नाहीचा प्रश्नच उरत नाही, सरळ पॉक्सो, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा.

तिच्या बाजूचं कुणी वाचत असेल तर अंघोळ न करता, कपडे न धुता, कागदी पिशवीत घालून, लवकरात लवकर सरकारी दवाखान्यात जा, आमच्या कोल्हापुरात म्हणजे सीपीआरला. सरकारी असो खाजगी असो, कुठल्याही दवाखान्याला फुकट उपचार द्यावेच लागतात. गुन्हा कुठंही घडला तरी जवळच्या ठाण्यात तक्रार घ्यावीच लागते, हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही.

आणि मित्राला सांग, तिला "आपलं दोघांच्या मर्जीनं झालं ना, लिहून दे" असले मेसेज टाकणं आधी बंद कर आणि फौजदारीचा वकील गाठ.