छोट्या स्वतंत्र प्रकाशकाने कथा-कादंबऱ्याही छापाव्यात आणि माहितीपर पुस्तकंही, की एकच विषय धरून राहावं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलं आहे की तुमच्या मित्राने गावाकडे प्रकाशन सुरू केलं, दोन वर्षांत कथासंग्रह, शेळीपालन, एका शिक्षकाचं आत्मचरित्र आणि बालकविता अशी चार पुस्तकं काढली, आणि आता ओळखीपाळखीचे लोक त्याला 'किराणा दुकान' म्हणतात. हाच शब्द मी २०१२ मध्ये ऐकला आहे, माझ्याच छापखान्यात, माझ्याच भागीदाराच्या तोंडून. म्हणून रात्री साडेअकराला लिहायला बसलो.

माझं उत्तर: सगळं छापावं. निदान आपल्याकडे तरी. पुण्या-मुंबईत एकाच विषयावर प्रकाशन चालत असेल, तिथलं मला सांगू नका.

मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. आधी लग्नपत्रिका, बिलबुकं, ग्रामपंचायतीची रजिस्टरं छापायचो. २००९ च्या दिवाळीत कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या एका सरांबरोबर प्रकाशन काढलं. मशीन माझी, नजर त्यांची. पहिली पाच पुस्तकं म्हणजे तीन कवितासंग्रह, एक कथासंग्रह आणि एक समीक्षा. पाचही चांगली होती, आणि ती काढल्याचा मला आजही अभिमान आहे. पण पाचही पुस्तकांचे गठ्ठे माझ्या घराच्या माडीवर होते आणि उंदरांपासून ते वाचवण्यात माझी बायको थकून गेली होती.

२०१२ च्या मे महिन्यात, बाहेर ऊन रटरटत असताना, एक म्हातारे गृहस्थ लेकीला घेऊन आले. सगळा परिसर त्यांना विहीरवाले मामा म्हणायचा. कापडी पिशवीतून त्यांनी लाल पुठ्ठ्याचं लांब रजिस्टर काढलं. "म्या सांगतलं, पोरीनं लिवलं. आता तुमी छापता काय?" एवढंच बोलले आणि माठाकडे बघत बसले.

त्या रजिस्टरात एकशे बावीस विहिरी होत्या. मामांनी एकेचाळीस वर्षांत जेवढ्या खोदल्या तेवढ्या सगळ्या. प्रत्येक पानावर पेन्सिलीने काढलेली एक उभी नळी आणि तिच्यात आडव्या रेघा. वर काळी माती, मग पिवळी, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. प्रत्येक रेघेच्या बाजूला खोली, पाझर कुठल्या अंगाने आला ते, सुरुंगाला किती तोटे लागले, किती दिवस मोडले. एका पानावर पेन्सिल पुसून पुन्हा काढलेली होती, कारण लेकीने पाझर उगवतीला दाखवला होता आणि तो मावळतीला होता. आणि शेवटी कोरड्या गेलेल्या विहिरींचं एक वेगळं प्रकरण. सदतीस विहिरी. कोणी कानातलं मोडून खणली होती, कोणी बैल विकून. तिथे मामांनी लिहवून घेतलं होतं की ज्याची विहीर कोरडी गेली त्याच्या घरचा चहा मी पुन्हा कधी घेतला नाही.

सरांनी रजिस्टर दोन दिवसांत वाचलं. वाङ्मयाची पारख त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त, हे मी तेव्हाही म्हणायचो, आजही म्हणतो. कोरड्या विहिरींचं प्रकरण वाचून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, ही चोवीस पानं म्हणजे साहित्य आहे, यांची छोटी पुस्तिका काढू. बाकीची मापं, थर, तोटे काढून टाका, ते कृषी विभागाचं काम आहे.

मी मामांना बोलावलं. सरांनी अगदी आदराने समजावून सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पानी पाह्यजे असन त माती उपसाच लागते, सर."

दुसरा वाद एका शब्दावर झाला. मामा खोली परसात मोजत. सात परस, नऊ परस. हात वर करून उभा राहिलेला माणूस जेवढा उंच, तेवढा एक परस. सरांनी प्रुफात सगळीकडे 'पुरुष' केलं, कारण मूळ शब्द तो आणि शहरातला वाचक परस म्हणजे घरामागची जागा समजेल. व्युत्पत्तीने सर बरोबर होते. पण मामांची लेक, जी सातवीपर्यंत शिकलेली, ती म्हणाली की आमच्या गावात 'विहीर सात पुरुष' असं वाचलं तर लोक विचारतील, कोण कोण उतरले होते? मी 'परस' परत घातला. सरांनी त्या दिवशी पेन खाली ठेवला आणि तो शब्द बोलले. किराणा दुकान. आज विहीर छापता, उद्या लोणच्याचं छापाल, परवा म्हशीचं. महिन्याभरात त्यांनी आपला हिस्सा मागितला. मी दिला.

पुस्तक एकशे साठ पानांचं झालं, म्हणजे सोळा पानांचे दहा फॉर्म. पाचशे प्रती काढल्या. त्याच महिन्यात, सर जाण्यापूर्वी आम्ही दोघांनी पसंत केलेली एक कादंबरीही छापून आली, हजार प्रती. विहिरीचं पुस्तक मी वितरकाला दिलंच नाही. चाळीस टक्के कमिशनच्या खाली तो बोलायला तयार नव्हता आणि हे पुस्तक कुठल्या फळीवर ठेवायचं तेही त्याला कळेना. मी ते कृषी केंद्रांच्या काउंटरवर ठेवलं, बियाण्यांच्या पिशव्यांशेजारी. पुढच्या मृगाच्या आत प्रती संपल्या.

आता खरी गोष्ट. दुसऱ्या खेपेला मी त्याच काउंटरवर कादंबरीच्या दहा प्रती ठेवल्या. दुकानदार नको म्हणत होता. दहातल्या सहा गेल्या. घेणारे तेच, विहिरीचं पुस्तक नेलेल्या घरांतले. बाप विहीर वाचत होता, सून कादंबरी मागत होती. सरांच्या बोलण्यातली चूक मला तेव्हा कळली. सर वाचक धरायचे तो विषयाचा, कवितेचा वाचक वेगळा, शेतीचा वेगळा. खेड्यात वाचक घराचा असतो. पुस्तकांची पेटी घेऊन तुम्ही ज्या ओट्यावर बसता, तिथे आजोबा असतात, बचत गटातली बाई असते, स्पर्धा परीक्षेचा मुलगा असतो, तिसरीतली पोरगी असते. पेटीत एकाच जातीचं पुस्तक असेल तर त्या ओट्यावरून तुम्ही एक पुस्तक विकून उठता. चार जातींची असतील तर तीन विकून उठता, आणि पेट्रोल तेवढंच लागतं.

दीक्षाभूमीवर तर हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली, तेव्हापासून दसऱ्याच्या सुमारास तिथे जो जनसागर येतो तो पुस्तकं घेऊन परत जातो. मी २०१५ पासून तिथे टेबल लावतो. तिथे माणसं पोट मारून पुस्तक घेतात, हे मी पाहिलं आहे. एकदा वाशीमकडचं एक कुटुंब आलं. आजोबांनी शेजारच्या स्टॉलवरून बाबासाहेबांचं ते लाहोरसाठी लिहिलेलं आणि होऊ न दिलेलं भाषण, 'जातिसंस्थेचे निर्मूलन', घेतलं. (१९३६ मध्ये, भाषणाला बोलावणाऱ्या जात-पात तोडक मंडळाने परिषदच रद्द केल्यावर बाबासाहेबांनी स्वखर्चाने त्याच्या दीड हजार प्रती छापल्या होत्या. स्वतंत्र प्रकाशन म्हणजे काय हे मला कोणी विचारलं तर मी हेच सांगतो.) मग माझ्या टेबलावरून सुनेने कादंबरी घेतली आणि नातवाने विहिरीचं पुस्तक. त्याच्या पणजोबांनी विहिरी खोदल्या होत्या म्हणे. तीन माणसं, तीन पुस्तकं, एकच पिशवी.

पैशाचं गणितही हेच सांगतं. खेड्यात पैसा बाराही महिने नसतो. मृगाआधी जो काही पैसा असतो तो बियाण्या-खतात जातो, तेव्हा फक्त शेतीचं पुस्तक खपतं. मग पोळ्यापर्यंत कोणी दारात उभं करत नाही. ऑक्टोबरात नागपूर. कापूस घरात आला की दिवाळी ते संक्रांत कथा-कादंबऱ्या, बालपुस्तकं. मार्चच्या तोंडावर वाचनालयांची खरेदी, तिथे चरित्रं आणि आठवणी जातात. आमच्याकडे निव्वळ कपाशी पेरणारा शेतकरीसुद्धा काही ओळींमागे तुरीची एक ओळ घालतोच. मी फक्त कविता छापत राहिलो असतो तर वर्षातले आठ महिने मशीन पुन्हा पत्रिकांवरच चालली असती.

आज माझ्या यादीत चौतीस पुस्तकं आहेत. अकरा कादंबऱ्या आणि कथासंग्रह, सहा कवितासंग्रह, बाकी सगळं इतर. शकुंतला रेल्वेवर नोकरी केलेल्या एकाच्या आठवणी आहेत, कापूस वाहण्यासाठी टाकलेल्या त्या अरुंद रुळांच्या. दंडार या आमच्याकडच्या लोकनाट्यावर एक आहे. वऱ्हाडी जेवणावर एक आहे, म्हणजे सरांचं लोणच्याचं भाकीतही खरं ठरलं, आणि ते पुस्तक माझ्या सर्वांत जास्त आवृत्त्या झालेल्या तिघांत आहे. त्यात माझ्या आईच्या हाताची मापं आहेत. मला त्याची लाज वाटावी असं काही नाही.

आता मित्राला सांगायच्या दोन-तीन गोष्टी. पुस्तकावर जीएसटी नाही म्हणून खूश होऊ नका. कागदावर आणि छपाईवर तो आपण भरतोच, आणि पुस्तक करमुक्त असल्यामुळे त्याची वजावट मिळत नाही. टपाल खात्याची रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, त्यामुळे डाकेने पुस्तक पाठवायचा जुना हिशेब आता धरू नका. पाठवणावळ किमतीत आधीच मोजा. आणि १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक पुस्तकाची एकेक प्रत कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांना तीस दिवसांच्या आत पाठवायची असते. छोटे प्रकाशक ही टाळाटाळ करतात. करू नये. मामांचं पुस्तक आज कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गेलेलं आहे, हे त्यांच्या लेकीला सांगितलं तेव्हा ती पाच मिनिटं काही बोलली नाही.

आणि एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती. 'सगळं छापा' म्हणजे जो पैसे देईल त्याचं छापा, असं नाही. २०१४ मध्ये मी एका पुढाऱ्याचा गौरवग्रंथ छापला. एकशे चौऱ्याऐंशी पानं, निम्मे सत्काराचे फोटो. मुलीची फी भरायची होती, ही सबब आहे, कारण नाही. त्यानंतर एका वाचनालयाने माझं पार्सल न फोडता परत केलं. तिथले ग्रंथपाल म्हणाले, तुमचं नाव बघून पुस्तक घ्यायचो, आता आतलं बघावं लागेल. तो विश्वास परत यायला तीन वर्षं लागली. तुमच्या मित्राचं शेळीपालनाचं पुस्तक शेळ्या पाळणाऱ्या माणसाने लिहिलं असेल आणि त्याचं प्रूफ कथासंग्रहाइतक्याच काळजीने तीनदा वाचलं असेल, तर त्याने मान खाली घालू नये. इकडून-तिकडून उतरवलेलं असेल तर लोक म्हणतात ते बरोबर आहे.

हे मी शिकलो ते सरांकडूनच. विहिरीच्या पुस्तकातही स्वल्पविराम कवितेइतकाच महत्त्वाचा, ही सवय त्यांनी लावली. गौरवग्रंथ छापला त्या वर्षी ते माझ्यासोबत असते तर त्यांनी तो छापू दिला नसता. पण सर, तुम्ही हे वाचत असाल तर सांगतो, 'परस' मी बदलणार नाही. मामा २०२१ मध्ये गेले. त्यांच्या पुस्तकाची पाचवी आवृत्ती निघाली. आणि आपली ती कादंबरी, हजार प्रतींची, शेवटची प्रत गेल्या दिवाळीत गेली. बारा वर्षं लागली, पण गेली, आणि निम्म्याहून जास्त कृषी केंद्रांतून गेली. दुसरी आवृत्ती टाइप करून ठेवली आहे. एकशे बाराव्या पानावरचा तो उताऱ्याचा घोळ तुम्हाला आठवत असेल, लेखकाने तो अजून सोडवलेला नाही. प्रुफं माझ्या टेबलावर आहेत. ती दुसऱ्या कोणाला वाचायला दिलेली नाहीत.