शिक्क्याचं नंतर बघू, आधी तारीख

प्रश्न: पुण्यातल्या एका दुकानातून रीस्टोअर केलेली सत्तरच्या दशकातली इटालियन सायकल 85 हजारांना घेतली. पाचव्या आठवड्यात उजवा क्रँक (पेडलचा दांडा) तुटला, कॉलरबोन मोडलं. याला 22 महिने झाले. दुकानदार रोज ‘बघू’ म्हणतो, क्रँक तपासायला मागतो. बिलावर ‘जुना माल, गॅरंटी नाही’ असा शिक्का आहे. मी नाशिकला राहतो. आधी नोटीस पाठवू का?

उत्तर: शिक्क्याची धास्ती सगळ्यांनाच असते, पण तुमची केस अडलीच तर तिथे नाही, मुदतीवर अडेल. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69: कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘बघू’ने ही मुदत वाढत नाही, नोटिशीनेही नाही. पडलात त्या दिवसापासून मोजलं तरी जेमतेम दोन महिने उरलेत. उशीर माफ होऊ शकतो, पण कारण पटवावं लागतं. ‘दुकानदाराच्या शब्दावर थांबलो’ हे बहुधा पटत नाही. 22 महिने गप्पा मारण्याऐवजी एक अर्ज टाकला असतात तर? नोटीस हवी तर द्या, तिच्या उत्तरासाठी थांबू नका. ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवरून नाशिकच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. राहत्या ठिकाणी करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

क्रँक दुकानदाराला अजिबात देऊ नका. तुमच्या फोटोवरून तो कॅम्पॅग्नोलो या इटालियन कंपनीचा नुओव्हो रेकॉर्ड मॉडेल दिसतो. क्रँकचा दांडा आणि शेजारचा स्पायडरचा (दातेरी चेनरिंग ज्यावर बसते त्या भागाचा) पाय यांमधल्या अरुंद खाचेत याला तडा जातो, हे जुन्या सायकलींचं काम करणाऱ्याला माहीत असायलाच हवं. क्रँक उतरवायचा, ग्रीस पुसायचं, डाय पेनेट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) मारून बघायचं, एवढंच काम. ते केलं नसेल तर कलम 86 मधला विक्रेत्याच्या जोडणी-तपासणीतल्या हलगर्जीचा मुद्दा तुमच्या हाती आहे. तुटल्या जागी काळपट, गुळगुळीत भाग म्हणजे जुना तडा; चकचकीत, खरबरीत भाग शेवटच्या क्षणी तुटलेला. काळा भाग मोठा असेल आणि सायकल पाचच आठवडे चालली असेल, तर तडा विक्रीआधीचा होता असं म्हणायला जागा आहे. सिद्ध मात्र प्रयोगशाळेतच होईल. तुकडे धुऊ नका, एकमेकांवर बसवून बघू नका. पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा, दोन वेगळ्या पिशव्यांत बंद करा. तक्रारीतच कलम 38 खाली प्रयोगशाळेतली तपासणी मागा. तिचा खर्च तुम्हाला भरावा लागेल.

खरेदीनंतर तुम्ही स्वतः चेनरिंग बदलली किंवा तिथे कानस मारली असेल, तर दुकानदार कलम 87 (ग्राहकाने वस्तूत बदल केला तर विक्रेता जबाबदार नाही) पुढे करेल. तसं काही असलं तर वकिलाला आधीच सांगा. इटलीतल्या उत्पादकाला ओढण्यात अर्थ दिसत नाही. तपासणी असलेलं प्रकरण पाच महिन्यांत संपवायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. आयोगातल्या तारखा बघता त्यावर विसंबून काही ठरवू नका. बिल, चॅट, डिस्चार्ज कार्ड आणि फोटो एवढ्यावर या आठवड्यात तक्रार दाखल करा, बाकीची कागदपत्रं मागाहून जोडू.